सनचोक: स्टार्चऐवजी इन्युलिन साठवणारा कंद

सूर्यफुलाच्या प्रजातीत एक बहुवर्षायू वनस्पती अशी आहे, की जिची लागवड फुलासाठी किंवा बियांसाठी नव्हे, तर जमिनीखाली धरणाऱ्या कंदांसाठी केली जाते. हेलिअँथस ट्यूबरोसस हे तिचे शास्त्रीय नाव. इंग्रजीत तिला जेरुसलेम आर्टिचोक किंवा सनचोक म्हणतात, फ्रेंच लोक तोपिनांबूर म्हणतात आणि उत्तर भारतात ती हाथीचोक या नावाने थोडीफार ओळखीची आहे. जेरुसलेमशी तिचा काहीही संबंध नाही आणि जिची फुलाची कळी खातात त्या आर्टिचोक या भाजीशी असलेले नाते केवळ कुळापुरते आहे. मराठीत तिला रूढ नाव नसल्यामुळे या लेखात सनचोक हाच शब्द वापरला आहे. झाड सात ते दहा फूट उंच वाढते, पाने खरखरीत असतात, शेंड्याकडे 5 ते 8 सेंटिमीटर रुंदीची पिवळी फुले येतात आणि जमिनीखाली आल्यासारखे वेडेवाकडे, पांढरट, तपकिरी किंवा जांभळट कंद धरतात.

या कंदाविषयी जे सांगितले जाते त्यात पुष्कळ विसंगती आढळते. मधुमेहींना तो चालतो असे एकजण म्हणतो, तर त्याने पोट फुगते म्हणून दुसरा त्याला हात लावत नाही. बर्फाळ जमिनीत तो महिनोन्‌महिने शाबूत राहतो. मात्र स्वयंपाकघरातल्या टोपलीत आठवडाभरात सुरकुततो. हिवाळ्याच्या सुरुवातीला काढलेला कंद बेताचा गोड लागतो आणि तेच वाण वसंताच्या तोंडावर काढले तर चांगलेच गोड निघते. यांतल्या बहुतेक गोष्टींचे मूळ एकाच ठिकाणी आहे: बटाटा आपली शिदोरी स्टार्चच्या रूपात साठवतो आणि सनचोक ती इन्युलिन नावाच्या वेगळ्या कर्बोदकाच्या रूपात साठवतो. हा एक फरक नीट समजला, की बाकीचे फारसे पाठ करावे लागत नाही.

आधी कंद म्हणजे नेमके काय ते पाहू, कारण आपण जमिनीखालून काढलेल्या सगळ्याच गोष्टींना सरसकट कंद म्हणतो. रताळे हे फुगलेले मूळ आहे. बटाटा हे फुगलेले खोड आहे आणि म्हणूनच त्याला डोळे असतात. प्रत्येक डोळा म्हणजे खोडावरच्या पेराशी असणारी कळी. सनचोकचा कंद याच दुसऱ्या जातीचा आहे. झाडाच्या बुंध्यापासून जमिनीखाली आडव्या पांढऱ्या फांद्या निघतात, त्यांच्या टोकाला अन्न साठू लागते आणि ते टोक फुगून कंद तयार होतो. अनेकदा मूळ कंदावरच्या कळ्याही फुगतात, त्यामुळे त्याला गाठी येतात आणि आकार ओबडधोबड होतो. याच कुळातल्या डेलियाशी तुलना केली तर फरक स्पष्ट होतो: डेलियाची जाडजूड मुळे बुंध्यापासून तोडून लावली तर त्यांना कोंब फुटत नाहीत, कारण कळ्या बुंध्याशीच असतात. सनचोकचा मात्र एखादा डोळा असलेला तुकडा जमिनीत राहिला तरी त्यातून नवे झाड उभे राहते. या गुणामुळे लागवड सोपी होते आणि याच गुणामुळे पुढे डोकेदुखीही होते.

आता इन्युलिनकडे वळू. पानांत तयार झालेले अन्न सुक्रोजच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या साखरेच्या रूपात झाडभर वाहते. सुक्रोजच्या एका रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हे दोन घटक जोडलेले असतात. बटाटा त्यांतून ग्लुकोजचे घटक घेऊन त्यांच्या लांबच लांब साखळ्या रचतो आणि त्या पाण्यात न विरघळणाऱ्या कणांच्या रूपात पेशीत ठेवतो, तो स्टार्च. सनचोक याच्या उलट वागतो. तो फ्रुक्टोजचे घटक एकापुढे एक जोडत जातो आणि सुरुवातीचा एक ग्लुकोज साखळीच्या टोकाशी तसाच राहतो. या साखळ्या स्टार्चच्या मानाने खूपच आखूड असतात आणि पाण्यात विरघळू शकतात, त्यामुळे त्या पेशीतील रसाच्या पिशवीत, म्हणजे रिक्तिकेत, द्रवरूपात साठवता येतात. हे काम दोन विकर, म्हणजे एन्झाइम, टप्प्याटप्प्याने करतात. पहिले विकर सुक्रोजच्या दोन रेणूंपासून तीन घटकांची छोटी साखळी तयार करते आणि एक ग्लुकोज मोकळा सोडते. दुसरे विकर एका साखळीवरचा फ्रुक्टोज उचलून दुसरीला जोडते आणि तिची लांबी वाढवते. एडेलमन आणि जेफर्ड या संशोधकांनी 1968 साली मांडलेली ही योजना सनचोकच्याच कंदांवरील अभ्यासातून पुढे आली आणि वनस्पतींमधील इन्युलिनचा अभ्यास बराच काळ तिच्या आधाराने चालला.

इन्युलिन हा पदार्थ मात्र सनचोकमध्ये सापडलेला नव्हे. जर्मन औषधशास्त्रज्ञ व्हॅलेंटिन रोझ याने 1804 साली तो इन्युला हेलेनियम या औषधी वनस्पतीच्या मुळांतून वेगळा केला आणि नंतर त्या वनस्पतीवरूनच पदार्थाचे नाव पडले. सूर्यफुलाच्या कुळातील अनेक वनस्पती भूमिगत भागात तोच साठवतात. आपल्या ओळखीचे सर्वांत जवळचे उदाहरण चिकोरीचे आहे. फिल्टर कॉफीच्या पुड्यात मिसळलेली चिकोरी म्हणजे भाजलेले मूळ, आणि त्या मुळात कच्चेपणी सनचोकसारखेच इन्युलिन असते. लसूण आणि कांदा ही वेगळ्या कुळातली पिकेही फ्रुक्टोजच्या अशाच साखळ्या बाळगतात, त्यामुळे इन्युलिन वर्गातील पदार्थ आपल्या पोटात रोजच जातात. फक्त त्यांचे प्रमाण थोडे असते. घरी फरक पाहायचा असेल तर बटाट्याच्या कापावर आणि सनचोकच्या कापावर टिंक्चर आयोडीनचा एकेक थेंब टाकावा. बटाट्यावर गडद निळा-काळा डाग उमटतो, तर सनचोकवर आयोडीनचा तपकिरी रंग तसाच राहतो, कारण तिथे रंग धरण्यासाठी स्टार्च जवळजवळ नसतोच.

झाडाने हा मार्ग का धरला असावा, याचे उत्तर त्याच्या मायदेशाच्या हवामानात मिळते. सनचोक मूळचा उत्तर अमेरिकेच्या मध्य आणि पूर्व भागातला. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते, वरचे खोड पहिल्याच कडक हिमात मरते आणि कंदाला तशा गोठलेल्या मातीत वसंतापर्यंत तग धरावा लागतो. विरघळलेल्या इन्युलिनचा फायदा इथे दिसतो. थंडी वाढली, की कंदातील तिसरे विकर लांब साखळ्यांच्या टोकाचे फ्रुक्टोज तोडू लागते. साखळ्या आखूड होतात, सुक्रोज आणि फ्रुक्टोज वाढते, पेशीरसातील विरघळलेल्या कणांची संख्या वाढते आणि त्यामुळे तो रस गोठण्याचे तापमान खाली जाते. या लहान साखरा पेशींच्या आवरणांनाही गोठण्याच्या इजेपासून जपतात. थंडीनंतर काढलेला कंद अधिक गोड का लागतो, त्याचे कारण हेच. चवीतला बदल हा झाडाच्या बचावाचा उपपरिणाम आहे. बटाट्यातही थंडीत स्टार्चची साखर होते, आणि शीतगृहातला बटाटा गोडसर लागतो व त्याचे वेफर तळताना काळपटतात हे आपल्याकडच्या प्रत्येक वेफरवाल्याला ठाऊक असते. पण बटाट्याचा कंद स्वतः गोठला तर मरतो. सनचोकचा कंद बर्फाखालच्या मातीत जिवंत राहतो.

याच थंडीशी सनचोकची सुप्तावस्था जोडलेली आहे. नुकताच तयार झालेला कंद ओल्या, उबदार मातीत लावला तरी सहसा लगेच फुटत नाही. काही आठवडे 0 ते 5 अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी मिळाली, की त्याची झोप मोडते आणि डोळे हलू लागतात. ज्या प्रदेशात अशी थंडी कधीच पडत नाही, तिथे ही अट झाडासाठी अडसर ठरते.

माणसाच्या पोटात इन्युलिनचे काय होते, हा वाचकांच्या दृष्टीने बहुधा सर्वांत महत्त्वाचा भाग असेल. आपल्या लाळेतील आणि लहान आतड्यातील विकर स्टार्चमधले ग्लुकोजचे जोड तोडण्यासाठी घडलेले आहेत. फ्रुक्टोजच्या साखळीतला जोड वेगळ्या ठेवणीचा असल्याने तो त्यांना तोडता येत नाही. परिणामी इन्युलिन जवळजवळ जसेच्या तसे मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचते. तिथे राहणारे जिवाणू, विशेषतः बायफिडोबॅक्टेरियम गटातले, ते आंबवतात. या आंबण्यातून लघुशृंखला मेदाम्ले तयार होतात, जी आतड्याच्या अस्तराला उपयोगी पडतात आणि काही प्रमाणात शरीराला ऊर्जाही देतात; त्याच वेळी हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या बाबतीत मिथेन हे वायूही तयार होतात. म्हणजे आरोग्यदायी जिवाणूंची वाढ आणि पोटातला वारा ही एकाच प्रक्रियेची दोन अंगे आहेत. त्यातले एक घेऊन दुसरे टाळण्याची युक्ती निदान या कंदाच्या बाबतीत पूर्णपणे साधत नाही.

म्हणूनच प्रमाण सांभाळणे महत्त्वाचे. ताज्या कंदात सुमारे 78 टक्के पाणी आणि 17 टक्क्यांच्या आसपास कर्बोदके असतात, आणि त्या कर्बोदकांपैकी बहुतांश इन्युलिन असते. म्हणजे 100 ग्रॅम कंदातून दहा ग्रॅमहून अधिक इन्युलिन पोटात जाऊ शकते. सवय नसलेल्या माणसाला तेवढ्यानेही गुबारा धरतो. पहिल्या खेपेला चाळीस-पन्नास ग्रॅमवर थांबावे आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावे, हे उत्तम. ज्यांना इरिटेबल बाउल सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या अतिसंवेदनशीलतेचा त्रास आहे, त्यांनी लसूण-कांद्याबाबत जी काळजी घ्यायची तीच इथे अधिक कटाक्षाने घ्यावी.

मधुमेहाबाबतचा दावा तपासून घेण्यासारखा आहे. इन्युलिन लहान आतड्यात पचत नसल्यामुळे ते रक्तातील ग्लुकोज थेट वाढवत नाही आणि त्याच्यापासून मिळणारी ऊर्जाही ग्रॅममागे सुमारे 1.5 किलोकॅलरी, म्हणजे स्टार्चच्या निम्म्याहून कमी असते. त्यामुळे बटाट्याच्या जागी सनचोक खाणाऱ्याच्या ताटातील ग्लुकोजचा भार नक्कीच कमी होतो. मात्र त्यावरून हा कंद मधुमेहावरचे औषध आहे, असा निष्कर्ष निघत नाही. शिवाय बराच काळ थंडीत ठेवलेल्या कंदात मोकळ्या साखरा वाढलेल्या असतात, हे आधी पाहिलेच आहे. आहारविषयक दाव्यांना अधिकृत मान्यता देताना युरोपीय आयोगाने 2015 साली जे मान्य केले, ते इतकेच, की चिकोरीचे मूळचे इन्युलिन रोज 12 ग्रॅम घेतल्यास शौच नियमित होण्यास मदत होते. जाहिरातींच्या भाषेपेक्षा ही भाषा कितीतरी मोजकी आहे आणि मला तीच अधिक विश्वासार्ह वाटते. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, वैद्यकात इन्युलिनला एक वेगळाच मान आहे: शिरेतून दिलेले इन्युलिन मूत्रपिंडात गाळले जाते, पण परत शोषले जात नाही किंवा नव्याने स्रवतही नाही, त्यामुळे मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग मोजण्याची सर्वांत काटेकोर पद्धत म्हणून त्याचा वापर होत आला आहे.

स्वयंपाकात काय करावे, तेही इन्युलिनच्या स्वभावावरून कळते. इन्युलिन गरम पाण्यात विरघळते, म्हणून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिले तर त्याचा काही भाग निघून जातो. आम्लात बराच वेळ शिजवल्यास साखळ्या काही अंशी तुटून फ्रुक्टोज मोकळे होते, म्हणून उकळताना लिंबू पिळण्याची पद्धत आहे. लिंबामुळे कंद काळाही पडत नाही. महिनाभर थंड जागेत ठेवलेला कंद ताज्या कंदापेक्षा थोडा सोसवतो. यांतील कोणत्याही उपायाने त्रास पूर्ण जात नाही, पण निश्चित कमी होतो. चवीला कच्चा कंद शिंगाड्यासारखा कुरकुरीत आणि हलका गोड असतो, त्यामुळे कोशिंबिरीत बरा लागतो. शिजवल्यावर तो मऊ होतो, पण स्टार्च नसल्यामुळे बटाट्याचा पिठूळपणा त्याला येत नाही आणि रस्सा दाटही होत नाही. बटाट्याच्या भाजीची कृती जशीच्या तशी वापरणाऱ्याची निराशा होते ती इथे. तव्यावर कमी तेलात परतलेल्या काचऱ्या किंवा भट्टीत भाजलेल्या फोडी हे त्याचे सर्वांत चांगले रूप, कारण त्यातल्या फ्रुक्टोजमुळे कडा पटकन तांबूस होतात. साल पातळ असते, ती काढण्याच्या भानगडीत न पडता ब्रशने घासून धुतले तरी चालते.

मायदेशात हा कंद युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून लावला आणि खाल्ला जात होता. फ्रेंच प्रवासी सॅम्युएल द शांप्लँ याने 1605 साली आजच्या मॅसॅच्युसेट्समधील केप कॉडच्या किनाऱ्यावर तिथल्या मूळ रहिवाशांच्या लागवडीत ही मुळे पाहिली आणि त्यांची चव आर्टिचोकसारखी असल्याची नोंद केली. पुढच्या काही वर्षांतच कंद फ्रान्समध्ये आले आणि तिथून युरोपभर पसरले. इंग्लंडमधील वनस्पतितज्ज्ञ जॉन गुडइयर याला 1617 साली कोंबडीच्या अंड्याहून मोठे नसलेले दोन कंद मिळाले. त्यांतला एक त्याने मित्राला दिला आणि एक लावला, तर त्या एकातून एवढे पीक आले, की त्याने आपल्या हॅम्पशायर परगण्यात त्याचे बेणे पसरवले. कसेही शिजवले तरी हे कंद पोटात दुर्गंधी वारा धरतात आणि माणसांपेक्षा डुकरांनाच अधिक शोभतात, असा शेराही त्यानेच नोंदवून ठेवला. इन्युलिनचा शोध लागण्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधी त्याचा परिणाम इतक्या रोखठोकपणे लिहून ठेवणाऱ्या या गृहस्थाचे कौतुकच करावे लागेल.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर युरोपात बटाटा सर्वत्र रुजला आणि सनचोक मागे पडला. पोटातला वारा हे त्याचे एक कारण होतेच, पण व्यापाराच्या दृष्टीने मोठे कारण सालीत आहे. बटाटा काढल्यावर त्याच्या सालीवर बुचासारखा घट्ट थर तयार होतो, जखमा भरतात आणि मग तो पोत्यात महिनोन्‌महिने टिकतो. सनचोकची साल पातळ असते, तिच्यातून पाणी उडत राहते, आणि 0 ते 2 अंश तापमान व दमट हवा नसेल तर कंद लवकरच सुरकुतून कुजू लागतो. तो टिकवण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे जमीनच. लागतील तसे खणून काढायचे. घरच्या बागेला ते सोयीचे आहे, बाजाराला नाही. त्यात वेडावाकडा आकार, गाठींच्या खाचांत अडकलेली माती आणि काढणीत हमखास मागे राहणारे छोटे कंद. फ्रान्समध्ये फ्युझो नावाचे गुळगुळीत, चातीच्या आकाराचे वाण निवडले गेले ते ही अडचण कमी करण्यासाठीच. दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्यातील फ्रान्समध्ये बटाट्याची टंचाई झाली तेव्हा हा मागे पडलेला कंद पुन्हा ताटात आला, आणि ज्यांनी ती वर्षे त्याच्यावर काढली त्या पिढीतल्या अनेकांनी नंतर त्याचे नावही काढले नाही.

इन्युलिनमधून मद्य करता येते, हाही त्याच्या इतिहासातला एक धागा. जर्मनीच्या बाडेन भागात या कंदापासून गाळलेली दारू आजही मिळते. त्यासाठी साखळ्या आधी तोडाव्या लागतात, कारण नेहमीचे यीस्ट लांब साखळ्यांवर नीट काम करत नाही. 1970 च्या दशकातील तेलटंचाईनंतर अमेरिकेत इथेनॉलची चर्चा सुरू झाली तेव्हा 1981 साली मिनेसोटातील एका कंपनीने शेतकऱ्यांना सनचोकचे बेणे विकायला सुरुवात केली. कंदांपासून इंधन बनेल, मागणी अफाट असेल, असे सांगितले गेले आणि दोन हजारांहून अधिक शेतकऱ्यांनी चढ्या भावात बेणे घेतले. प्रत्यक्षात या कंदांपासून इथेनॉल बनवणारे कारखाने अस्तित्वातच नव्हते. मिळकत येत होती ती फक्त पुढच्या शेतकऱ्याला बेणे विकण्यातून. 1983 साली कंपनीचे दिवाळे वाजले आणि तिच्या प्रमुखांवर खटले होऊन शिक्षा झाल्या. महाराष्ट्रात इमूपालन आणि सफेद मुसळी यांच्या योजनांत ज्यांनी हात पोळून घेतले, त्यांना ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. झाडात दोष नव्हता; हेक्टरी वीस-तीस टन कंद ते सहज देते. पण ते घेणारा कोण, या प्रश्नाला उत्तर नव्हते. आजही खाद्य उद्योगाला लागणारे इन्युलिन मुख्यतः बेल्जियम-नेदरलँड्सकडच्या चिकोरीपासून काढले जाते, कारण चिकोरीतील साखळ्या अधिक लांब असतात आणि तिचे सरळ मूळ यंत्राने काढणे व धुणे सोपे जाते.

सूर्यफूल पिकवणाऱ्यांसाठी मात्र सनचोकचे वेगळे मोल आहे. सूर्यफुलात 34 गुणसूत्रे असतात, सनचोकमध्ये 102. म्हणजे 17 गुणसूत्रांचे सहा संच. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार चार संचांची हेलिअँथस हिर्सुटस आणि दोन संचांची हेलिअँथस ग्रॉसेसेराटस या दोन रानटी जातींच्या संकरातून तो घडला. एवढा फरक असूनही त्याचा सूर्यफुलाशी संकर होऊ शकतो, आणि सोव्हिएत संशोधक गालिना पुस्तोवोइत यांनी अशा संकरांतून अनेक रोगांना तोंड देणारी सूर्यफुलाची वाणे तयार केली. केवडा रोगाला प्रतिकार करणारी काही जनुके सूर्यफुलात आली ती या मार्गाने. हा केवडा 1980 च्या दशकात मराठवाड्यातील सूर्यफुलावर दिसला, तेव्हा भारतातली त्याची ती पहिली नोंद होती, त्यामुळे रोगाला टक्कर देणाऱ्या वाणांचे महत्त्व लातूर-धाराशिवकडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्रात हे झाड लावावे का? शेत म्हणून नको. हौस म्हणून लावायला हरकत नाही. दोन अडचणी आधी ओळखाव्यात. पहिली सुप्तावस्थेची, जी बेणे ओलसर वाळूत गुंडाळून सहा-आठ आठवडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्याने सुटते. दुसरी दिवसाच्या लांबीची. सनचोकच्या बहुतेक वाणांत दिवस लहान होऊ लागले, की कंद धरण्याचा इशारा मिळतो. पॅरिसमध्ये उन्हाळ्याच्या भरात दिवस सोळा तासांचा असतो, त्या काळात झाड उंच वाढून भरपूर पाने काढते, खोडात अन्न जमवते आणि मग दिवस लहान झाल्यावर ते अन्न खाली कंदात उतरवते. पुण्यात सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांचाच. त्यामुळे आपल्याकडे झाड पूर्ण वाढण्याआधीच कंद धरू लागण्याचा संभव असतो आणि मग झाड बुटके राहते, कंदही थोडे व लहान येतात. दिवाळीच्या सुमारास लावलेल्या बेण्याला तर सुरुवातीपासून लहान दिवसच मिळतात. म्हणून लावणी मे अखेरीस ते जूनमध्ये, दिवस मोठे असताना करावी. झाडाला 18 ते 26 अंशांचे तापमान मानवते, त्यामुळे घाटमाथा आणि पश्चिम महाराष्ट्राचा थंड भाग त्यासाठी विदर्भापेक्षा बरा.

दोन-तीन डोळे असलेला 50 ग्रॅमच्या आसपासचा तुकडा, 10 ते 15 सेंटिमीटर खोल, दोन झाडांत निदान दीड फूट अंतर ठेवून लावावा. पावसाळ्यात पाणी साचले तर बेणे कुजते, म्हणून काळ्या जमिनीत सपाट वाफ्यापेक्षा उंच गादीवाफा किंवा मोठा ड्रम निवडावा. भुसभुशीत मातीत कंद काढायलाही सोपे जातात. झाड गुडघाभर झाल्यावर बुंध्याला मातीची भर द्यावी आणि वाऱ्यात आडवे होऊ नये म्हणून आधार द्यावा. भुईमुगाच्या बुंध्याला पांढरी बुरशी आणणारी स्क्लेरोशियम रॉल्फसाय ही बुरशी सनचोकलाही मारते, तेव्हा जिथे ती दिसली असेल तिथे हे झाड लावू नये. पाने पिवळी पडून खोड वाळू लागेपर्यंत खोड कापू नये, कारण खोडात साठलेले अन्न शेवटच्या आठवड्यांतच खाली उतरत असते. काढणीनंतर लागतील तेवढेच कंद धुवावेत. बाकीचे ओलसर वाळूत, छिद्रे असलेल्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवावेत.

ड्रमची शिफारस आणखी एका कारणासाठी. मध्य युरोपात बागांतून सुटलेला सनचोक नद्यांच्या काठाने पसरला आहे. पुरात वाहून आलेले कंद गाळात रुजतात आणि उंच, दाट झाडोऱ्याखाली स्थानिक वनस्पतींना ऊन मिळत नाही, म्हणून तिथे त्याची गणना आक्रमक परदेशी वनस्पतींत होते. आपल्या हवामानात तो तितका जोर धरेलच असे नाही. तरीही ओढ्याकाठी किंवा कालव्याच्या बांधावर लावू नये आणि राहिलेले कंद कचऱ्यात फेकू नयेत. वाफ्यात नको असताना उगवू लागला तर पारंपरिक तणनाशकापेक्षा वेळ साधणे अधिक कामी येते. कोंब वर येऊन झाड कमरेइतके होते, तोवर जुन्या कंदातील अन्न संपलेले असते आणि नवा कंद धरलेला नसतो. नेमक्या त्या दिवसांत झाडे मुळासकट उपटावीत किंवा जमिनीलगत कापून पुन्हा फुटलेले कोंबही कापत राहावेत, आणि पुढच्या हंगामात एकदा पुन्हा तपासावे.